वर किती माणसं आहेत

इथल्या मराठी मंडळाच्या अंकासाठी लेख मागताना संपादकबाई म्हणाल्या, "थोडं पॉझिटिव्ह लिहा हं, वाचून लोकांना उभारी आली पाहिजे." मी हो म्हटलं आणि घरी येऊन पस्तावलो. चार वर्षांपूर्वी न्युरेम्बर्गमध्ये मला कॅन्सर झाला, मी त्यातून बरा झालो, आणि तरीही त्या वर्षाचा विषय निघाला की माझं तोंड कडू होतं. औषधांची चव केव्हाच गेली. आम्ही घरच्यांनी मिळून जे केलं त्याची चव राहिली आहे. तुमच्यापैकी कुणावर अशी वेळ आली तर निदान ती एक चूक करू नका, एवढ्यासाठी हे लिहितोय. उभारी दुसऱ्या कुणाच्या लेखात शोधा.

कॉलर

२००४चा फेब्रुवारी. शर्टाचं वरचं बटण लागेना. मेधा, माझी बायको, म्हणाली, "जाड होतोयस, ब्रेड कमी कर." मी ब्रेड कमी केला. मग एक दिवस दाढी करताना मानेच्या डाव्या बाजूला सुपारीएवढी गाठ हाताला लागली. आमच्या हाउसआर्त्स्टने, म्हणजे नेहमीच्या डॉक्टरने, ती दोन बोटांनी चाचपली आणि एकदम गंभीर होऊन हॉस्पिटलसाठी चिठ्ठी लिहिली.

हॉस्पिटलातली डॉक्टरीण माझ्याच वयाची होती. गाठीचा तुकडा तपासून झाल्यावर तिने मला खुर्चीत बसवलं आणि सरळ सांगितलं, "हा लिम्फोमा आहे. म्हणजे कॅन्सर. बरा होण्याची शक्यता चांगली आहे, खात्री नाही. उपचार सहा महिने चालतील आणि जड जातील. तुम्हाला काय विचारायचंय?" मला काहीच विचारायचं नव्हतं. मी थँक्यू म्हटलं, बसने ऑफिसला गेलो आणि दुपारी एका पंपाच्या ड्रॉइंगवरच्या मीटिंगमध्ये दीड तास बसून दोन चुकाही दाखवल्या. घरी जाऊन मेधाला सांगायचं धैर्य नव्हतं, हे त्यामागचं खरं कारण.

तेव्हा त्या बाईचा मला राग आला होता. किती कोरडी आहे, आपल्याकडे असं तोंडावर सांगत नाहीत, असं मी मेधाला रडत रडत म्हणालो.

कावीळ

आपल्याकडे कसं सांगतात ते आता सांगतो.

माझे आईबाबा साताऱ्याला, थोरला भाऊ नंदूदादा त्यांच्याजवळ. बाबा गणिताचे निवृत्त शिक्षक. त्याच्या दोन वर्षं आधी त्यांची अँजिओप्लास्टी झाली होती. मी दादाला फोन केला. तो म्हणाला, "बाबांना झेपायचं नाही रे." मी म्हणालो, "सांगूच नकोस. कावीळ झालीय म्हण. कावीळ म्हटलं की अशक्तपणा, पथ्य, प्रवास बंद, सगळं जुळतं."

ही माझी कल्पना होती. मी इंजिनियर, सगळं जुळवून पाहिलं. वजन उतरेल, आवाज खोल जाईल, हॉस्पिटलात राहावं लागेल, एकाच आजारात सगळं बसत होतं. केस गळाल्यावर वेबकॅम बिघडला असं सांगायचं ठरवलं. आईलाही कळू द्यायचं नाही, कारण तिच्या पोटात काही राहत नाही. मला स्वतःचं कौतुकसुद्धा वाटलं.

बाबांनी कावीळ फार मनावर घेतली. दर रविवारी फोनवर पथ्य. "तेलकट बंद. उसाचा रस मिळतो का तिकडे? नाही? मग ताक पी." पुढे एकदा म्हणाले, "वाईच्या पलीकडे एका गावात काविळीची माळ देतात. गळ्यात घालायची, जसजशी कावीळ उतरते तसतशी माळ लांब होत जाते म्हणे." मी हसलो. बुवा, अंगारे, गंडेदोरे यांच्या नावाने आयुष्यभर बोटं मोडणारा हा माणूस. "बाबा, तुम्ही?" तर म्हणाले, "नुकसान तर काही नाही ना?"

शेजारची खाट

दर तीन आठवड्यांनी मला चार-पाच दिवस भरती व्हावं लागे. तीन वेळा माझ्या खोलीत दामिर होता. तो बोस्नियाचा, चाळिशीच्या आतबाहेरचा, न्युरेम्बर्गमध्ये छपरांवर कौलं बसवायचं काम करणारा. यादवी युद्धात तो पायदळात होता. कुठल्या बाजूने ते लिहीत नाही, कारण त्यानेच मला बजावलं होतं, "बाजू सांगितली की लोक लगेच बाजू घेतात. मग टेकडी कुणी ऐकत नाही."

दोघांचंही जर्मन कामापुरतं. त्यामुळे आमच्या गप्पांत फुलं-पानं नव्हती. मला उलट्या सुरू झाल्या की तो भिंतीकडे तोंड करून पडायचा आणि मोठ्याने फुटबॉलचा स्कोअर वाचायचा, म्हणजे मला माझाच आवाज ऐकू येऊ नये. इतकं शहाणपण मला त्या वर्षी दुसऱ्या कुणी दाखवलं नाही.

ऑफिसातून मला कार्डं यायची. लढ, हार मानू नकोस, तू योद्धा आहेस. मी एक त्याला वाचून दाखवलं. तो म्हणाला, "मी लढलोय. इथे मी खाटेवर पडून सूप पितो. ज्याने हे लिहिलंय त्याला एकदा टेकडी चढायला पाठव."

"कुठली टेकडी?" मी विचारलं. मी साताऱ्याचा. टेकडी म्हणजे संध्याकाळी पाय मोकळे करायला जायची जागा, एवढंच मला माहीत.

टेकडी

त्याने ती एका दमात सांगितली नाही. सलाईन चालू असताना, दुपारी, तुकड्यातुकड्याने सांगितली. मी सलग लिहितो.

गावाकडे येणारा रस्ता त्या टेकडीखालून जात होता. माथ्यावर दुसऱ्या बाजूचे लोक खंदक खणून बसले होते आणि रस्त्यावर जे हलेल त्यावर गोळी झाडत होते. टेकडी घ्यायची असा हुकूम आला. दामिरच्या तुकडीत साठ-सत्तर माणसं. सुतार, ड्रायव्हर, एक दातांचा डॉक्टर. त्यांचा कमांडर युद्धाआधी शाळेत भूगोल शिकवायचा. त्याने काठीने चिखलात नकाशा काढला आणि सांगितलं, "वर पंधरा माणसं आहेत. थकलेली. मशीनगन एक. सुरुंग नाहीत."

दामिरच्या शेजारी त्याच्या बायकोचा भाऊ उभा होता, डेनिस. दोघांनी एकच सिगारेट ओढली. पंधरा माणसं म्हणजे काय, तासाभराचं काम, असं ते बोलले. एकमेकांना काही सांगून ठेवायचं त्यांच्या डोक्यातच आलं नाही.

सकाळी धुकं होतं. खालच्या उतारावर प्लमची बाग होती, तिथपर्यंत सगळे गुपचूप चढले. जमिनीवर प्लम सडून पडले होते, बूट घसरत होते. बागेच्या वर उघडं गवताळ रान, त्यापलीकडे माथा. ते रानात आले आणि पहिला सुरुंग फुटला. मग दुसरा. त्या आवाजाने वरच्यांना जाग आली. मशीनगन एक नव्हती, तीन होत्या, आणि तिन्ही त्या रानावर रोखलेल्या.

"लोक ओरडतात, धावतात, असं नसतं," दामिर म्हणाला. "तू गवतात तोंड खुपसतोस. तुला एक मुंगी दिसते. तू त्या मुंगीकडे बघत राहतोस."

पुढे जायला सुरुंग, मागे जायला उघडं रान. तो एका दगडी बांधाच्या आड पडून राहिला. निम्मे लोक तिथेच संपले. दुपारी दुसऱ्या अंगाने दुसरी तुकडी वर आली, तेव्हा माथ्यावरचे लोक खंदक सोडून पलीकडे उतरून गेले. दामिर वर पोचला. खंदक दीडशे माणसांचे होते. चुलीवर घेवड्याचं मोठं पातेलं होतं, अजून कोमट. उरलेले लोक त्यातच चमचे घालून जेवले.

"आणि मग?" मी विचारलं.

"आठवड्याने वरून हुकूम आला, टेकडी सोडा. कुठेतरी टेबलावर बोलणी झाली होती. आम्ही त्याच प्लमच्या बागेतून खाली आलो."

"कमांडरला माहीत नव्हतं?"

"सगळं माहीत होतं. टेहळणीवाल्यांनी त्याला आकडे दिले होते. खरं सांगितलं तर आमचे पाय उचलणार नाहीत असं त्याला वाटलं. आमच्या भल्यासाठीच. आणि तो सगळ्यांत पुढे चालत होता. पहिल्या दहात गेला. त्यामुळे त्याला शिव्यासुद्धा देता येत नाहीत."

मग तो म्हणाला, "खरं सांगितलं असतं तरी आम्ही गेलोच असतो. रस्ता आमच्याच गावाचा होता. पण डेनिसला मी मिठी मारली असती."

अडीच वाजता

चौथ्या खेपेला, जूनमध्ये, सकाळी अकराला मेधा आली. तिने साताऱ्याला फोन लावला, दादाशी दोन शब्द बोलली आणि फोन माझ्याकडे दिला. पलीकडे आई होती.

"जेवलास का? अशक्तपणा कसा आहे?"

"ठीक. बाबा कुठेत? गेले तीन रविवार बोलणं नाही."

"ते होय? किल्ल्यावर गेलेत फिरायला," आई म्हणाली. "तू विश्रांती घे."

मेधाने सफरचंद कापलं, माझ्याकडे बघून हसली, सगळं छान चाललंय म्हणाली आणि गेली. दार लागल्यावर दामिर म्हणाला, "आल्झो," म्हणजे तर मग, "तुझी बायको तुझ्याशी खोटं बोलतेय."

मला रागच आला. "तुला मराठी येतं का?"

"नाही. म्हणून तर दिसलं. आमचा कमांडर सुरुंग नाहीत म्हणाला तेव्हा प्रत्येकाच्या डोळ्यांत नीट बघत होता, एकेकाच्या. खरं बोलणारा माणूस एवढं नीट बघत नाही."

मी कूस बदलली. आणि मग मला सुचलं की इथे अकरा म्हणजे साताऱ्यात अडीच. अँजिओप्लास्टी झालेला सत्तरीचा माणूस जूनमध्ये दुपारी अडीच वाजता किल्ला चढत नाही. साडेतीन तासांचं हे गणित मी रोज करायचो. त्या दिवशी आईचा आवाज ऐकला आणि करायचं राहिलं.

दुसऱ्या दिवशी मेधा धुतलेले कपडे घेऊन आली. मी विचारलं, "बाबा कधी गेले?"

तिने कपड्यांची पिशवी खाली ठेवली. मग म्हणाली, "चोवीस दिवस झाले."

दादाला बाबा दीड महिना म्हणत होते, त्या गावाहून माळ आणून दे. दादाला माहीत होतं की कावीळ नाहीच, त्यामुळे आज जातो उद्या जातो करत तो टाळत राहिला. शेवटी बाबा स्वतःच निघाले. माळ फक्त सकाळी, उपाशीपोटी गेलेल्याला मिळते. मे महिन्याच्या उन्हात ते रांगेत उभे राहिले, माळ घेतली, आणि परत येताना एसटी स्टँडवर बाकावर बसले ते बसलेच. ओल्या फडक्यात गुंडाळलेली माळ पिशवीत होती.

मी मेधावर ओरडलो. नर्स धावत आली. "माझा बाप मेला आणि तू मला सफरचंद कापून देतेस?"

मेधा रडली नाही. "डॉक्टरांनी क्लिअरली सांगितलं होतं, पांढऱ्या पेशींचे काउंट खाली आहेत, प्रवास केलास तर इन्फेक्शनने मरशील. तुला सांगितलं असतं तर तू थांबला असतास? आणि माझ्यावर ओरडू नकोस. कावीळ कुणाची आयडिया होती?"

मी पुढचे तीन आठवडे तिच्याशी बोललो नाही. आजारी माणसाला सगळं माफ असतं, त्याचा मी पुरेपूर फायदा घेतला. ती ऑफिस, घर, आमची सहा वर्षांची ईरा आणि माझे डबे सांभाळत राहिली. ईरा मराठीत विचारलेल्या प्रश्नाला जर्मनमध्ये उत्तर देते, "पापा बोलत का नाही," हेही तिने जर्मनमध्येच विचारलं.

आईचं मला सगळ्यात जास्त लागलं. दादाने तिला सांगितलं होतं की कावीळ उलटलीय, धक्का बसला तर वाचायचा नाही. म्हणून तिनेही मला खोटं सांगितलं. कपाळ मोकळं झालेली माझी आई फोनवर मला सांगत होती की ते फिरायला गेलेत.

डेनिस

पाचव्या खेपेला दामिर पुन्हा शेजारी होता, आता फार खंगलेला. त्याची बायको रोज यायची. तिने मला घरच्या प्लमचा मुरंबा दिला आणि दामिर एक्स-रेला गेला असताना भावाचा विषय काढला. "डेनिस नशीबवान होता. एका क्षणात गेला. दामिर त्याच्या शेजारीच होता, त्याने स्वतः पाहिलं." हे सांगताना तिचा चेहरा शांत होता.

ती गेल्यावर मी दामिरकडे बघितलं. तो म्हणाला, "तुला सांगितलं ना तिने?"

डेनिस एका क्षणात गेला नव्हता. त्याचे पाय सुरुंगाने गेले होते आणि तो बांधापासून तीस-चाळीस पावलांवर रानात पडला होता. सकाळपासून दुपारपर्यंत तो दामिरला हाका मारत होता. आधी नावाने, मग नुसत्या. दामिर गेला नाही. जाता येत नव्हतं हे खरं, पण त्याने प्रयत्नही केला नाही, हेही त्याने सांगितलं.

"बारा वर्षं ती मला म्हणते, तू त्याच्याजवळ होतास हे किती बरं झालं. दर वर्षी त्या दिवशी माझ्या हाताचं चुंबन घेते. तुला काय वाटतं, मी तिला वाचवलं? मी माझी कातडी वाचवली."

त्याच आठवड्यात डॉक्टरिणीने त्याला सांगितलं की औषध काम करत नाही, आता दोन-तीन महिने. मी पडद्याआड ऐकत होतो. ती गेल्यावर तो म्हणाला, "या बाईला मानलं. वर किती माणसं आहेत ते मला आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी खरं सांगितलं." मग म्हणाला, घरी गेलो की बायकोला सगळं सांगणार.

तो सप्टेंबरमध्ये गेला. माझ्या उपचारांनंतरच्या तपासणीत काही सापडलं नाही, त्यानंतर मी त्याच्या घरी भेटायला गेलो. त्याच्या बायकोने कॉफी दिली आणि म्हणाली, "दोघंही शांतपणे गेले, माझा भाऊ आणि हाही. देवाची कृपा." म्हणजे त्याने सांगितलं नव्हतं. तिने माझ्याकडे बघितलं, तुला तर माहीतच आहे अशा नजरेने.

"जा, गेनाऊ," मी म्हणालो. हो, अगदी. आणि कॉफी संपवली.

मेथी

नोव्हेंबरमध्ये साताऱ्याला गेलो. दादा आणि वहिनी बाहेर गेले होते. आई मेथी निवडत बसली होती. डोक्यावर नुकते उगवलेले केस घेऊन मी तिच्यासमोर बसलो. "आई, मला कावीळ झाली नव्हती. कॅन्सर होता. आता बरा आहे."

तिचे हात थांबले. "नंदूला ठाऊक होतं?"

"हो. पहिल्यापासून. मीच सांगितलं होतं तुम्हाला कळू देऊ नकोस म्हणून."

तिने जुडी खाली ठेवली. मला वाटलं, ती माझ्या डोक्यावरून हात फिरवेल. मी खरंच त्याची वाट बघत होतो.

"मग हे कशासाठी गेले होते तिकडे?" आईने विचारलं.

मी एक काडी उचलून मोडली.

"उपाशी गेले होते. मी म्हटलं, दूध तरी घ्या. म्हणाले, पोरासाठी एक दिवस उपाशी राहिलो तर काय मरतो का." तिने काड्या एका बाजूला केल्या. "बरी होती रे मी. पोरासाठी गेले, एवढं होतं माझ्याजवळ. तेही काढून घेतलंस."

रात्रीच्या जेवणाला तिने मेथीची भाजी केली, मला वाढली, आणखी हवी का विचारलं. तो विषय तिने पुन्हा काढला नाही, मीही नाही.

रविवार

खरं सांगावं की नाही, याचं उत्तर माझ्याकडे मागू नका. पहिल्या दिवशी सांगितलं असतं तर बाबांना धक्का बसला असता, कदाचित गेलेही असते. पण मग ते माझ्यासाठी गेले असते, माझ्या हुशारीपायी नाही. उशिरा सांगितलेल्या खऱ्याचं काय होतं ते मी वर लिहिलंय.

मेधा आणि मी आता बोलतो. तिने मला माफ केलं असं म्हणते, मी तिला केलं असं म्हणतो. दर सहा महिन्यांनी तपासणी होते आणि रिपोर्ट मी पाकीट न फोडता तिच्या हातात देतो.

आईला दर रविवारी फोन करतो. ती विचारते, "बरा आहेस ना?" मी म्हणतो, "एकदम बरा." मग ती पुन्हा विचारते, "खरं ना?" चार वर्षांत हा प्रश्न एकदाही चुकला नाही. मी बरा आहे हे तिला पटवायला माझ्याकडे शब्दाशिवाय काही नाही, आणि शब्द तिच्यापुरता मी वापरून टाकलाय.

गेल्या रविवारी तिचा आवाज बसलेला वाटला. मी विचारलं तर म्हणाली, "काही नाही रे, जरासा खोकला." दादाला फोन केला. दादाही म्हणाला, जरासा खोकला. दोघांचे शब्द अगदी सारखे होते.

सोमवारी सकाळी मी रजा टाकली आणि तिकीट काढलं.